सेल्सफोर्समधला डेटा कोडमधून मागवताना: एकही रेकॉर्ड न गळता

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत आमचा कोड दर रात्री सेल्सफोर्समधून, म्हणजे ग्राहक आणि विक्रीची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन सॉफ्टवेअरमधून, चालू महिन्याच्या ऑर्डरी उचलून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा. मार्चच्या २३ तारखेला ऑर्डरींचा आकडा २००० झाला. २४ तारखेला २०००. २५ तारखेला पुन्हा २०००. लॉग हिरवागार, एरर एकही नाही. विक्री विभागातल्या मॅडमनी फोन करून विचारलं, "तीन दिवसांत एकही ऑर्डर आली नाही का हो?" तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. सेल्सफोर्स एका वेळी जास्तीत जास्त २००० रेकॉर्ड देतं, बाकीचे पुढच्या पानावर असतात, आणि आमचा कोड पहिलं पान वाचून थांबत होता.

या कामाची गोम हीच आहे. चूक झाली की प्रोग्राम कोसळतो, अशी आपल्याला सवय असते. इथे कोसळत नाही. कमी डेटा येतो, आणि तो पूर्णच आहे असं वाटतं. पानांमुळे गळतो, हक्कांमुळे गळतो, वेळेच्या फरकामुळे गळतो. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर ताळा कसा करायचा तेही दिलं आहे. टप्पे याच क्रमानं करा. अर्धे जण टप्पा ४ पासून सुरुवात करतात आणि मग दोन दिवस टप्पा २ मधली चूक शोधत बसतात.

क्वेऱ्या, म्हणजे डेटा मागण्याच्या ओळी, इथे वाचण्यापुरत्या देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या नेहमीप्रमाणे इंग्रजी अक्षरांतच लिहायच्या.

आधी हाताशी काय हवं

सरावासाठी सेल्सफोर्सची डेव्हलपर एडिशन मोफत मिळते, ती घ्या. कंपनीच्या कामासाठी सँडबॉक्स, म्हणजे चाचणीसाठीची वेगळी प्रत, मागा. प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या चालू खात्यावर, पहिला प्रयोग करू नका, मग क्वेरी नुसती वाचणारी का असेना. रोजच्या एपीआय कॉलचा, म्हणजे कोडनं सेल्सफोर्सला पाठवलेल्या विनंत्यांचा, कोटा सगळ्यांचा मिळून एकच असतो. तुमच्या चुकलेल्या लूपनं तो संपवला, तर दुसऱ्याच कोणाचं चालू काम बंद पडेल.

शिवाय एक माणूस हवा: त्या कंपनीचा सेल्सफोर्स अ‍ॅडमिन. त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या. कोणते ऑब्जेक्ट (म्हणजे टेबलं) आणि कोणती फील्ड (म्हणजे रकाने) वाचायची आहेत, त्यांत अंदाजे किती रेकॉर्ड आहेत, आणि आर्थिक वर्ष सेल्सफोर्समध्ये एप्रिलपासून लावलं आहे की जानेवारीपासून. तिसरा प्रश्न हटकून विसरला जातो. सेल्सफोर्स मुळात जानेवारी ते डिसेंबर धरतं. अ‍ॅडमिननं ते बदललं नसेल, तर "चालू आर्थिक वर्ष" असं विचारल्यावर उत्तर भलत्याच बारा महिन्यांचं येतं.

टप्पा १: इंटिग्रेशनसाठी वेगळा युजर

एखाद्या कर्मचाऱ्याच्या किंवा अ‍ॅडमिनच्या लॉगिनवर कोड चालवू नका. त्यानं नोकरी सोडली की खातं बंद होतं आणि रात्रीचा जॉब मरतो. सेल्सफोर्समध्ये फक्त एपीआयसाठी "सेल्सफोर्स इंटिग्रेशन" नावाचं युजर लायसन्स आहे. एंटरप्राइझ आणि त्यावरच्या एडिशनमध्ये अशी पाच मोफत मिळतात. या युजरला स्क्रीनवरून लॉगिन करता येत नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे.

क्रम असा ठेवा:

१. इंटिग्रेशन लायसन्सवर युजर तयार करा. त्याला कमीत कमी हक्कांचं, फक्त एपीआयचं प्रोफाइल द्या.
२. त्याला "सेल्सफोर्स एपीआय इंटिग्रेशन" हे परमिशन सेट लायसन्स द्या. हे राहिलं तर पुढे दिलेले ऑब्जेक्टचे हक्क चिकटतच नाहीत.
३. एक परमिशन सेट (हक्कांचा संच) बनवून त्यात लागणारे ऑब्जेक्ट आणि लागणारी फील्ड, एवढ्यांनाच वाचण्याचा हक्क द्या.
४. ज्या ऑब्जेक्टचे सगळे रेकॉर्ड हवे आहेत, तिथे "व्ह्यू ऑल रेकॉर्ड्स" चालू करा.
५. युजरचा टाइम झोन कोलकाता करा. हे आताच करा, कारण टप्पा ४ मध्ये ते अंगावर येतं.

इथे हक्कांचे दोन थर आहेत आणि दोन्ही वेगळे वागतात, ते नीट समजून घ्या.

फील्डचा हक्क नसेल तर एरर येते, पण दिशाभूल करणारी. "असा कॉलम या ऑब्जेक्टवर नाही" असं ती सांगते, आणि कस्टम फील्ड असेल तर नावाच्या शेवटी दोन अंडरस्कोअर आणि सी लावायला विसरू नका, असा सल्लाही देते. फील्ड तिथेच असतं, नावही बरोबर असतं. फक्त या युजरला ते दिसत नसतं. स्पेलिंग दहा वेळा तपासत बसण्याआधी परमिशन सेट उघडून पाहा.

रेकॉर्डचा हक्क नसेल तर मात्र काहीच कळत नाही. कंपनीत शेअरिंगचे नियम असतील, म्हणजे नाशिकच्या विक्री प्रतिनिधीला फक्त नाशिकचे ग्राहक दिसत असतील, तर तुमच्या युजरलाही तेवढेच दिसतील जेवढे त्याच्या वाट्याला आले आहेत. ५,००० पैकी ७०० येतील आणि सेल्सफोर्स सांगेल की उत्तर पूर्ण झालं. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. कोड कितीही चांगला लिहिला तरी हे कोडमध्ये दुरुस्त होत नाही.

ताळा: अ‍ॅडमिनला डेव्हलपर कन्सोलच्या क्वेरी एडिटरमध्ये "सिलेक्ट काउंट() फ्रॉम अकाउंट" चालवायला सांगा. तीच क्वेरी इंटिग्रेशन युजरच्या टोकननं, म्हणजे कोडच्या तात्पुरत्या प्रवेशपत्रानं, तुम्ही चालवा (टोकन टप्पा २ मध्ये मिळतं, ते मिळालं की हा ताळा करा). दोन्ही आकडे एकच आले पाहिजेत. दोन्ही वेळा इंटिग्रेशन युजरच वापरलात तर मोजणीतूनही तेच रेकॉर्ड गायब असतील आणि ताळा खोटा जुळेल.

टप्पा २: टोकन मिळवणं

नव्या जोडणीसाठी सेल्सफोर्स आता "एक्सटर्नल क्लायंट अ‍ॅप" वापरायला सांगतं. जुन्या कंपन्यांत "कनेक्टेड अ‍ॅप" दिसेल. काम दोन्हींचं एकच: तुमच्या कोडला ओळख देणं. युजरनेम आणि पासवर्ड थेट पाठवण्याची जुनी पद्धत नव्या खात्यांत मुळातच बंद असते. नेटवर सापडणारी बरीच उदाहरणं अजून तिच्यावरच आहेत, ती उचलू नका.

सर्व्हरवर माणसाविना चालणाऱ्या जॉबसाठी दोन मार्ग राहतात.

पहिला क्लायंट क्रेडेन्शियल्स. अ‍ॅपमध्ये हा फ्लो चालू करून "रन अ‍ॅज" म्हणून इंटिग्रेशन युजर निवडायचा आणि की व सिक्रेट पाठवून टोकन घ्यायचं. टोकनची विनंती कंपनीच्या स्वतःच्या माय डोमेन पत्त्यावरच पाठवावी लागते. सर्वांसाठीच्या लॉगिन पत्त्यावर पाठवली तर हा फ्लो चालत नाही.

दुसरा जेडब्ल्यूटी बेअरर, म्हणजे सही केलेली विनंती पाठवून टोकन घेणं. यात खाजगी की तुमच्या सर्व्हरवर राहते, प्रमाणपत्र अ‍ॅपमध्ये चढवलं जातं आणि नेटवरून कोणतंही सिक्रेट जात नाही. मला हा जास्त विश्वासाचा वाटतो. इथे दोन गोष्टी चुकतात. सँडबॉक्ससाठी "ऑडियन्स" वेगळा, म्हणजे टेस्टचा पत्ता द्यावा लागतो. आणि युजरनं या अ‍ॅपला मान्यता दिलेली नाही, अशी एरर आली तर अ‍ॅपच्या धोरणात "अ‍ॅडमिननं आधीच मान्य केलेले युजर" निवडून तुमचा परमिशन सेट तिथे जोडायचा असतो.

टोकनच्या उत्तरात इन्स्टन्स यूआरएलही येतो. पुढचे सगळे कॉल त्याच पत्त्यावर करा. ब्राउझरमध्ये दिसतो तो पत्ता कॉपी करून कोडमध्ये चिकटवू नका. स्क्रीनचा आणि एपीआयचा पत्ता वेगळा असतो.

सावध: प्रत्येक क्वेरीला नवं टोकन घेऊ नका. एकदा घेतलेलं टोकन मेमरीत ठेवा. ४०१ (टोकन चालत नाही, अशी एरर) आला की एकदाच नवं घ्या आणि तोच कॉल पुन्हा करा. दुसऱ्यांदाही ४०१ आला तर थांबा आणि माणसाला कळवा.

टप्पा ३: नावं अंदाजानं लिहू नका, विचारून घ्या

स्क्रीनवर "ग्राहक प्रकार" लिहिलेलं असतं, आणि एपीआयमध्ये त्या फील्डचं नाव काहीही असू शकतं. प्रत्येक ऑब्जेक्टसाठी डिस्क्राइब नावाचा कॉल आहे. तो एकदा चालवून उत्तर फाइलमध्ये साठवा. त्यात फील्डचं खरं नाव, प्रकार, पिकलिस्टच्या (ठरलेल्या पर्यायांच्या यादीच्या) किमती आणि नात्यांची नावं असतात.

त्यातून हे टिपून ठेवा. कस्टम फील्डच्या शेवटी दोन अंडरस्कोअर आणि सी असतं. त्याच फील्डमधून पलीकडच्या रेकॉर्डमध्ये शिरायचं असेल तर सीच्या जागी आर लिहायचा. पिकलिस्टमध्ये एपीआय आतली किंमत देतं, स्क्रीनवरचं लेबल नाही; अ‍ॅडमिननं लेबलचं मराठी केलं असलं तरी फिल्टर आतल्या किमतीवरच लावायचा.

एपीआयची आवृत्ती यूआरएलमध्ये स्पष्ट लिहावी लागते. ती सेटिंगच्या फाइलमध्ये एकाच जागी ठेवा. २१ ते ३० या आवृत्त्या २०२५ च्या उन्हाळी रिलीजपासून निवृत्त झाल्या. कोणी जुन्या लेखातला यूआरएल उचलला असेल तर तो आता चालणार नाही.

टप्पा ४: क्वेरी लिहिणं

सेल्सफोर्सची क्वेरी भाषा एसओक्यूएल. ती दिसते नेहमीच्या डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेसारखी, आणि या सारखेपणानंच माणूस फसतो. कोडमध्ये टाकण्याआधी प्रत्येक क्वेरी क्वेरी एडिटरमध्ये हातानं चालवा.

फरक लक्षात ठेवा. "सिलेक्ट स्टार" नाही. फील्डची नावं लिहावीच लागतात. फील्ड्स(ऑल) आहे, पण त्याला जास्तीत जास्त २०० ची लिमिट लावावीच लागते, त्यामुळे ते चाचपणीपुरतंच. दोन टेबलं जोडणारं जॉइन नाही, त्याऐवजी नाती वापरायची. ऑफसेट, म्हणजे पहिले इतके रेकॉर्ड सोडून पुढचे मागणं, २००० च्या पुढे चालत नाही, म्हणून ऑफसेटनं पानं उलटायचा विचार सोडून द्या.

रिकाम्या किमतींचं वागणं उलटं आहे. एसक्यूएलमध्ये "प्रकार डीलर नाही" असं विचारलं तर ज्यांचा प्रकारच भरलेला नाही ते रेकॉर्ड येत नाहीत. एसओक्यूएलमध्ये ते येतात. आपल्या डेटाबेसमधली क्वेरी जशीच्या तशी इकडे आणली की आकडा वाढतो आणि का वाढला ते कळत नाही. रिकामे नको असतील तर "आणि प्रकार रिकामा नाही" ही अट वेगळी लिहा.

*तारखा.* तारीख आणि वेळ अवतरण चिन्हांत टाकायची नसते. टाकली की एरर येते. आपल्याकडच्या १ एप्रिल २०२५ ची मध्यरात्र म्हणजे यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) ३१ मार्च २०२५, १८:३०. क्वेरीत हीच वेळ लिहायची: वर्ष-महिना-दिवस, मग टी, मग वेळ, शेवटी झेड. कोणी शेवटी +०५:३० लिहितं. तेही चालतं, पण यूआरएलमध्ये अधिकचं चिन्ह नीट एनकोड केलं नाही तर त्याची मोकळी जागा होते आणि क्वेरी मोडते. यूटीसी वापरा, हा घोळच नको. शिवाय क्लोज डेट हे फक्त तारखेचं फील्ड आहे आणि क्रिएटेड डेट हे तारीख-वेळेचं. एकाची अट दुसऱ्याला लावू नका.

*टुडे आणि यस्टरडे.* हे शब्द सोयीचे आहेत, पण "आज" कोणाचा? क्वेरी चालवणाऱ्या युजरचा. इंटिग्रेशन युजरचा टाइम झोन लॉस एंजेलिस राहिला असेल, तर आपल्याकडे सकाळचे अकरा वाजलेले असताना त्याच्यासाठी अजून कालचीच रात्र असते. उन्हाळ्यात दुपारी साडेबारापर्यंत आणि हिवाळ्यात दीडपर्यंत "टुडे" म्हणजे आपला काल. सकाळी चालणारा रिपोर्ट चुकतो आणि दुपारी कोणी तपासायला घेतला तर बरोबर येतो, त्यामुळे चूक हाती लागत नाही. टप्पा १ मध्ये टाइम झोन लावून घ्यायला सांगितलं ते यासाठीच. पैशांच्या हिशेबात तर हे शब्द वापरूच नका. सुरुवात आणि शेवट कोडमध्ये काढून स्पष्ट लिहा.

*बाहेरून आलेला मजकूर.* वापरणाऱ्यानं टाकलेलं नाव थेट क्वेरीला जोडू नका. वसई किंवा गोव्याकडचं डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना डीनंतर अ‍ॅपॉस्ट्रॉफी येतो. एसओक्यूएलमध्ये मजकूर त्याच चिन्हात बंद होतो, म्हणून क्वेरी तिथेच तुटते. ही झाली साधी गैरसोय. मुद्दाम तोडणारा माणूस त्याच फटीतून अट बदलून नको तो डेटा काढू शकतो. अ‍ॅपॉस्ट्रॉफीच्या आधी बॅकस्लॅश लावावा लागतो. पायथनच्या सिंपल सेल्सफोर्स लायब्ररीत यासाठी फॉरमॅट एसओक्यूएल नावाचं फंक्शन आहे. ते वापरा, स्वतःचं रिप्लेस लिहू नका.

*वेग.* लाखांनी रेकॉर्ड असतील तर अट इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) असलेल्या फील्डवर लावा: आयडी, नेम, ओनर, क्रिएटेड डेट, सिस्टम मॉडस्टॅम्प (शेवटच्या बदलाची वेळ), लुकअप फील्ड (दुसऱ्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारं) आणि एक्सटर्नल आयडी (बाहेरच्या सिस्टिममधला क्रमांक). अट खूप रेकॉर्डना लागू होत असेल तर इंडेक्स असूनही वापरला जात नाही. साध्या कस्टम इंडेक्ससाठी पहिल्या दहा लाखांत ही मर्यादा १० टक्क्यांची आहे. लाइक या अर्धवट मजकूर जुळवणाऱ्या अटीत टक्क्याचं चिन्ह सुरुवातीलाच टाकलं किंवा "बरोबर नाही" अशी अट लावली तरी इंडेक्स बाजूला पडतो.

टप्पा ५: सगळी पानं वाचणं

सुरुवातीच्या २००० ची भानगड इथे सुटते. उत्तरात तीन गोष्टी बघा. टोटल साइज म्हणजे एकूण किती, डन म्हणजे संपलं की नाही, आणि संपलं नसेल तर नेक्स्ट रेकॉर्ड्स यूआरएल म्हणजे पुढच्या पानाचा पत्ता.

१. पहिली क्वेरी पाठवा, रेकॉर्ड यादीत घ्या, टोटल साइज लिहून ठेवा.
२. डन खोटं आहे तोपर्यंत पुढच्या पत्त्यावर जा. तो अर्धाच पत्ता असतो, त्याच्या आधी इन्स्टन्स यूआरएल जोडा.
३. डन खरं झालं की गोळा केलेल्या रेकॉर्डची संख्या टोटल साइजशी ताडून पाहा. जुळली नाही तर जॉब अयशस्वी ठरवा. इशारा लिहून पुढे जाऊ नका.

सावध: "पानावर २००० पेक्षा कमी आले म्हणजे शेवटचं पान" अशी अट लिहू नका. फील्ड जास्त किंवा मोठी असली की मधलं पानही लहान येतं. फक्त डनवर भरवसा ठेवा.

लायब्ररी वापरत असाल तर तिची सवय माहीत हवी. सिंपल सेल्सफोर्समध्ये क्वेरी हे फंक्शन पहिलं पानच देतं; क्वेरी ऑल सगळी पानं आणतं, आणि मेमरीची चिंता असेल तर क्वेरी ऑल इटर आहे. नोडच्या जेएसफोर्समध्ये ऑटो फेच चालू केलं तरी मॅक्स फेच मुळात १०,००० वर असतं. तिथे २००० ऐवजी १०,००० ला गळती सुरू होते, एवढाच फरक.

टप्पा ६: नात्यातला डेटा

ऑर्डरसोबत ग्राहकाचं नाव हवं असेल तर प्रत्येक ऑर्डरमागे वेगळी क्वेरी करू नका. ४०,००० ऑर्डरी पानापानानं वाचायला साधारण २० कॉल लागतात. लूपमध्ये एकेका ऑर्डरचा ग्राहक विचारला तर ४०,०००. एकाच क्वेरीत "अकाउंट डॉट नेम" लिहा, असं खालून वर पाच पातळ्यांपर्यंत जाता येतं. वरचा रेकॉर्ड जोडलेलाच नसेल तर उत्तरात त्या जागी नल, म्हणजे "काहीच नाही", येतो. त्यातून नाव काढायला जाल तर कोड कोसळेल, म्हणून आधी नल तपासा.

वरून खाली जायचं, म्हणजे ग्राहकासोबत त्याचे सगळे संपर्क, तर कंसातली उपक्वेरी लागते. हिच्या आतल्या यादीलाही स्वतःचं डन आणि पुढच्या पानाचा पत्ता असतो. बाहेरची पानं नीट वाचणारे बरेच कोड इथे आतली विसरतात. मोठ्या ग्राहकाचेच संपर्क जास्त असतात, म्हणजे नेमका मोठ्या ग्राहकाचाच डेटा अपुरा राहतो. मी शक्यतो उपक्वेरी टाळतो. संपर्क वेगळ्या क्वेरीनं आणतो, त्यात ग्राहकाचा आयडी घेतो आणि जोडणी माझ्याकडे करतो.

आयडींची यादी "इन" मध्ये देऊन मागवत असाल तर लांबीचं भान ठेवा. यूआरएलची मर्यादा १६,३८४ बाइट आहे. एनकोड केल्यावर १८ अक्षरी एक आयडी, त्याची अवतरणं आणि स्वल्पविराम धरून २७ बाइट खातो. ३०० च्या तुकड्यांत पाठवा.

सावध: आयडी १५ अक्षरी आणि १८ अक्षरी अशा दोन रूपांत फिरतो. एपीआय १८ देतं, एक्सेलमध्ये उतरवलेल्या रिपोर्टात १५ येतो. १५ अक्षरी रूपात लहान आणि मोठी लिपी वेगळी धरली जाते. एक्सेलचं व्हीलुकअप आणि बहुतेक मायएसक्यूएल टेबलं तसा फरक करत नाहीत, आणि दोन वेगळे ग्राहक एकच ठरतात. साठवताना नेहमी १८.

टप्पा ७: डेटा मोठा असेल तर बल्क

काही हजारांपर्यंत वरची पद्धत पुरते. लाखांत जायचं असेल तर बल्क एपीआय २.०. तिथे क्वेरी जॉब म्हणून टाकायची, तो पूर्ण होईपर्यंत थोड्या थोड्या वेळानं स्थिती विचारायची आणि मग सीएसव्ही उतरवायची.

इथेही पानं आहेतच. उत्तराच्या हेडरमध्ये लोकेटर येतो, तो पुढच्या विनंतीत द्यायचा. संपलं की त्या हेडरमध्ये नल असा *शब्द* येतो, रिकामी किंमत नाही. कोडनं रिकामेपणाच तपासला तर तो नल नावाचं पान मागत राहतो. ग्रुप बाय, ऑफसेट आणि वरून खाली जाणाऱ्या उपक्वेऱ्या बल्कमध्ये चालत नाहीत.

टप्पा ८: रोज फक्त बदललेलं आणणं

दररोज सगळा डेटा ओढायची गरज नसते. "शेवटच्या खुणेनंतर बदललेलं" मागवायचं, त्यासाठी सिस्टम मॉडस्टॅम्प हे फील्ड वापरा. लास्ट मॉडिफाइड डेट हे माणसानं केलेल्या बदलाचं. सिस्टमनं आपणहून केलेले बदल सिस्टम मॉडस्टॅम्पमध्ये दिसतात.

१. आलेल्या रेकॉर्डमधला सर्वांत मोठा सिस्टम मॉडस्टॅम्प खूण म्हणून साठवा. तुमच्या सर्व्हरचं घड्याळ वापरू नका.
२. पुढच्या वेळी त्या खुणेच्या दहा मिनिटं मागून सुरू करा. त्या क्षणी अर्धवट चाललेले बदल यामुळे निसटत नाहीत.
३. मागून सुरू केल्यानं काही रेकॉर्ड दुसऱ्यांदा येतील, म्हणून आयडीवरून "असेल तर बदल, नसेल तर घाल" असं लिहा.
४. डेटा तुमच्याकडे पक्का लिहून झाल्यावरच खूण पुढे सरकवा. आधी सरकवली आणि मध्ये वीज गेली, तर तेवढा तुकडा कायमचा गेला.

दोन गोष्टी या पद्धतीत सापडत नाहीत. पहिली, फॉर्म्युला फील्ड, म्हणजे दुसऱ्या फील्डवरून आपोआप काढलं जाणारं फील्ड. ग्राहकाचं रेटिंग बदललं आणि ऑर्डरवरचं फॉर्म्युला फील्ड ते दाखवत असेल, तर ऑर्डरचा सिस्टम मॉडस्टॅम्प हलत नाही. फॉर्म्युल्याऐवजी मूळ फील्ड आणा. दुसरी, डिलीट झालेले रेकॉर्ड. साध्या क्वेरीत ते येतच नाहीत. एपीआयच्या क्वेरी ऑल नावाच्या पत्त्यावर (टप्पा ५ मधलं लायब्ररीचं त्याच नावाचं फंक्शन वेगळं) "इज डिलीटेड = ट्रू" अशी अट लावून ते वेगळे मागवा. रिसायकल बिनमध्ये ते १५ दिवस राहतात, आणि कोणी बिन रिकामी केली तर त्याआधीच जातात. म्हणून आठवड्यातून एकदा फक्त आयडींची पूर्ण यादी मागवून आपल्याकडच्या यादीशी ताडा.

टप्पा ९: मर्यादा आणि एरर

डेव्हलपर एडिशनमध्ये २४ तासांत १५,००० कॉल मिळतात. एंटरप्राइझमध्ये १,००,००० आणि त्यावर लायसन्सप्रमाणे वाढ. किती वापरले ते प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये येतं. तो आकडा लॉगमध्ये लिहा आणि ८० टक्क्यांवर गेला की स्वतःहून थांबा.

एरर आली की तिचं उत्तर यादीच्या रूपात येतं, एका ऑब्जेक्टच्या रूपात नाही. कोडला ते माहीत नसेल तर एरर वाचतानाच दुसरी एरर येते आणि मूळ कारण लॉगमध्ये उरत नाही. वागणूक अशी ठेवा:

- ४००: क्वेरी चुकली आहे. पुन्हा पाठवून काही होणार नाही. क्वेरी लॉगमध्ये लिहून थांबा.
- ४०१: टोकन संपलं. एकदाच नवं घ्या.
- ४०३: एरर कोड वाचा. रोजची मर्यादा संपली असेल तर पुन्हापुन्हा ठोठावू नका, पुढच्या वेळेपर्यंत थांबा.
- ५०० आणि पुढचे: थोडं थांबून पुन्हा; दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट, चार-पाच प्रयत्नांनंतर माणसाला कळवा.

टप्पा १०: रोजचा ताळा

जॉब संपला की त्यानंच स्वतःचा हिशेब लिहावा. आमच्याकडे आता रोज सकाळी एक ओळ येते: सेल्सफोर्समध्ये किती, आमच्याकडे किती, रकमेची बेरीज तिकडे किती, इकडे किती. तिकडचा आकडा काउंट आणि सम वापरून वेगळ्या क्वेरीनं येतो. काउंट() मध्ये कंस रिकामा ठेवला तर आकडा टोटल साइजमध्ये मिळतो आणि रेकॉर्डची यादी रिकामी असते, हे पाहून घाबरू नका. काउंटमध्ये फील्डचं नाव दिलं तर ते फील्ड रिकामं असलेले रेकॉर्ड मोजले जात नाहीत, म्हणून द्यायचाच असेल तर आयडी द्या.

महिन्यातून एकदा हाच आकडा अ‍ॅडमिनकडून त्याच्या लॉगिननं मागवा. कंपनीनं मध्येच शेअरिंगचे नियम बदलले किंवा नवी शाखा जोडली, तर ते फक्त याच ताळ्यात दिसतं. अ‍ॅडमिन रिपोर्ट उघडून आकडा सांगत असेल, तर रिपोर्टवरचा "माझे" हा फिल्टर "सगळे" केला आहे का आणि तारखेचा फिल्टर काढला आहे का, ते आधी विचारा.

आकडे जुळले नाहीत तर या क्रमानं शोधा. फरक तिकडे जास्त, इकडे कमी असा असेल आणि इकडचा आकडा २००० किंवा १०,००० सारखा गोल असेल तर पानं. गोल नसेल, पण एखाद्या शाखेचे किंवा मालकाचे सगळेच रेकॉर्ड नसतील तर हक्क. फरक फक्त महिन्याच्या पहिल्या किंवा शेवटच्या दिवसाचा असेल तर टाइम झोन. इकडेच जास्त असतील तर डिलीट झालेले. संख्या जुळते पण रक्कम जुळत नाही, असं असेल तर दोन्हीकडचे आयडी आणि रकमा शेजारी ठेवून पहिला फरक पडणारा रेकॉर्ड उघडा. तिथे बहुधा एखादं फॉर्म्युला फील्ड, नाहीतर रिकाम्या रकमेच्या जागी आपल्या कोडनं भरलेलं शून्य सापडतं.